विमानाच्या शेपटीवरचं ते चिन्ह

जोडायच्या प्लास्टिकच्या विमानाचं नवं खोकं उघडलं की मी सगळ्यात आधी डिकलचा, म्हणजे विमानावर लावायच्या छापील चित्रांचा, कागद बघतो. पंखांवरचे क्रूस, क्रमांक, पथकाची चित्रं, मुंगीएवढ्या अक्षरांतल्या सूचना, सगळं एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर दाटीवाटीने छापलेलं असतं. किट दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानाचं असेल, तर कधी कधी या कागदाचा एक कोपरा कात्रीने सरळ कापलेला सापडतो. पहिल्यांदा असा कागद हाती आला तेव्हा मला वाटलं, दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला. दुकानदाराचा त्यात काहीच दोष नव्हता, हे पुष्कळ उशिरा कळलं. त्या कोपऱ्यात विमानाच्या शेपटीवर लावायचं नाझी पक्षाचं चिन्ह होतं, आपल्या स्वस्तिकासारखं दिसणारं, आणि काही देशांच्या कायद्यांमुळे ते माझ्यापर्यंत येण्याआधीच कापलं गेलं होतं.

मी हट्टाने ते चिन्ह दुसऱ्या कागदावरून मिळवलं आणि लावलं. आजीने चष्मा वर करून मॉडेल निरखलं आणि विचारलं, "नवी गाडी घेतल्यावर आपण काढतो, तसं विमानालाही काढतात होय? पण असं तिरकं का काढलंस?"

मला तिला धड उत्तर देता आलं नाही. २०२५ साली फिनलंडच्या हवाई दलाची बातमी आली, पथकांच्या ध्वजांवर उरलेलं स्वस्तिक आता काढून टाकणार अशी, तेव्हा ओळखीच्या दोघातिघांनी मला विचारलं, "फिनलंडमध्ये स्वस्तिक? आणि तेही आत्तापर्यंत?" तेव्हा आजीचा प्रश्न पुन्हा आठवला. मॉडेल करणाऱ्याला तो दर वेळी सोडवावा लागतो, म्हणून इथे मुळापासून सांगतो.

खोक्यात असतं काय

स्केल मॉडेल म्हणजे खऱ्या विमानाची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती. १/७२ म्हणजे बहात्तर पटींनी लहान. मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानाच्या पंखांचा विस्तार जेमतेम दहा मीटर. १/७२ मध्ये तो पावणेचौदा सेंटिमीटर होतो, तळहातावर मावतो. सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि शेवटी डिकल लावायचे. डिकल म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचं, पापुद्र्यासारखं पातळ छापील चित्र. शेपटीवरचं हे चिन्ह या प्रमाणात चार-पाच मिलिमीटरचं असतं. ज्वारीच्या दाण्याएवढ्या काळ्या खुणेपायी एवढा खल का, असं वाटणं साहजिक आहे.

विमानावर चिन्ह का रंगवतात

कबड्डीत दोन्ही संघांनी एकाच रंगाचे बनियन घातले तर गडी आपल्याच माणसाची पकड करेल. आकाशात ताशी पाचशे किलोमीटरच्या वेगाने समोरून येणारं यंत्र आपलं की शत्रूचं, हे ठरवायला क्षणभरच मिळतो. म्हणून प्रत्येक देशाने दुरून दिसेल अशी खूण ठरवली. ब्रिटिशांची निळी-पांढरी-लाल चकती, अमेरिकेचा पांढरा तारा, जपानचा लाल गोळा, सोव्हिएत संघाचा लाल तारा.

या खुणा वाटतात तितक्या अढळ नव्हत्या, आणि याचा एक फार सुंदर दाखला आपल्याकडचा आहे. ब्रिटिश चकतीच्या मध्यभागी लाल ठिपका असे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तो लाल ठिपका जपानी लाल गोळ्यासारखा दिसू लागला आणि आपल्याच विमानांवर गोळी चालायचा धोका उभा राहिला. मग या आघाडीवरच्या विमानांवरून लाल रंग पूर्ण काढला आणि गडद निळ्या चकतीत फिकट निळा ठिपका आला. १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची एक नंबरची स्क्वाड्रन हरिकेन विमानं उडवत होती. तिथे ही लाल नसलेली चकतीच होती. त्या हरिकेनचं मॉडेल करून कुणी त्यावर लंडनच्या आकाशातली लाल ठिपक्याची चकती लावली, तर विमान बरोबर आणि इतिहास चूक. अमेरिकेनेही १९४२ मध्ये याच कारणाने आपल्या ताऱ्यातला लाल ठिपका पुसला. स्वातंत्र्यानंतर काही काळ भारतीय विमानांवर अशोकचक्र होतं, प्रजासत्ताक झाल्यावर तिरंगी चकती आली.

हे एवढं सविस्तर सांगतोय, कारण विमानावरची खूण म्हणजे तारीख असते. कोणतं यंत्र, कोणाचं, कोणत्या साली, कुठल्या आकाशात, हे ती सांगते. मॉडेल करणारा ती बरोबर लावायला धडपडतो यात चुकीचं काही नाही. आता जर्मन विमानांकडे वळू.

शेपटीवर ते आलं कसं

जर्मन लष्करी विमानावर दोन वेगळी चिन्हं असत आणि लोक ती नेहमी एकत्र करतात. पंखांवर आणि धडावर सरळ दांड्यांचा काळा-पांढरा क्रूस असे. त्याला बाल्केनक्रॉइत्स म्हणतात. बाल्केन म्हणजे तुळई. हा सैन्याचा क्रूस, पहिल्या महायुद्धापासूनचा. त्यावर बंदी नाही आणि आजच्या जर्मन विमानांवरही क्रूसच असतो.

वाद शेपटीवरच्या चिन्हाचा. त्याचं जर्मन नाव हाकेनक्रॉइत्स, म्हणजे हुकासारख्या वाकड्या भुजांचा क्रूस. नाझी पक्षाने ते १९२० मध्ये पक्षचिन्ह म्हणून उचललं. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा विमानाच्या शेपटीच्या डाव्या बाजूला लाल पट्ट्यावर हे पक्षचिन्ह आणि उजव्या बाजूला जुने काळे-पांढरे-लाल पट्टे, अशी वाटणी होती. एका बाजूला पक्ष, दुसऱ्या बाजूला देश. सप्टेंबर १९३५ मध्ये न्युरेंबर्गला पक्षाचा ध्वज हाच राष्ट्रध्वज ठरला आणि शेपटीच्या दोन्ही बाजू पक्षाच्या झाल्या. ज्यूंचं नागरिकत्व हिरावणारा कायदाही त्याच दिवशी, त्याच ठिकाणी झाला. पुढे लाल पट्टा गेला आणि पांढऱ्या कडेचं काळं चिन्ह उरलं.

हे प्रवासी विमानांवरही होतं. हिंडेनबर्ग हे महाकाय हवाई जहाज ६ मे १९३७ ला अमेरिकेत लेकहर्स्टला पेटलं, त्याच्या शेपटीवर हीच चिन्हं होती.

म्हणून "तो तर त्यांचा तेव्हाचा झेंडा होता, त्यात काय एवढं" हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. झेंडा होता हे खरं. पण एका पक्षाने देश गिळला, तो कसा गिळला, हे त्या शेपटीवर दोन वर्षांत दिसतं. १९३४चं मॉडेल आणि १९३६चं मॉडेल शेजारी ठेवा. एवढा नेमका धडा फार थोड्या वस्तू देतात.

जर्मनीत बंदी नेमकी कशावर

जर्मन दंडसंहितेचं कलम ८६-अ घटनाविरोधी संघटनांची चिन्हं सार्वजनिकरीत्या वापरणं किंवा पसरवणं हा गुन्हा मानतं. शिक्षा दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. त्याच कायद्यात अपवादही आहे: कला, विज्ञान, संशोधन, शिक्षण, इतिहासाचं किंवा चालू घडामोडींचं वार्तांकन, यांसाठी चिन्ह दाखवता येतं. इतिहासाच्या पुस्तकात ते छापता येतं. २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, चिन्हावर फुली मारून नाझीवादाचा निषेध करणाऱ्याला निर्दोष सोडलं. २०१८ पासून व्हिडिओ गेमनाही प्रत्येक खेळाची वेगळी तपासणी करून परवानगी मिळू शकते.

आपल्या ओळखीची उपमा द्यायची तर शिवीची देता येईल. साक्षीदाराने कोर्टात "तो मला असं असं म्हणाला" म्हणून शिवी उच्चारली, तर तो पुरावा. तीच शिवी चौकात उभं राहून दिली, तर गुन्हा. शब्द एकच असतो.

मग मॉडेल साक्षीत मोडतं की चौकात? १९७९ मध्ये हा प्रश्न तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयापुढे खेळण्यातल्या विमानांच्या निमित्ताने आला होता, आणि दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रतिकृतीवरचं हे चिन्ह न्यायालयाने बंदीच्या कक्षेतच धरलं. यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. विकणारा किंवा घेणारा नाझी आहे की नाही, हा मुद्दाच नाही. हे चिन्ह दुकानाच्या फळीवर, मुलांच्या खोलीत, रोजच्या नजरेत रुळू लागलं तर त्याची भीड चेपते, आणि मग ज्याला ते खरोखर मिरवायचं आहे त्याचं काम सोपं होतं. कायद्याला ही सवयच लागू द्यायची नाही. ऑस्ट्रियाचे कायदेही कडक आहेत.

आता खोक्यातली चमत्कारिक दृश्यं उलगडतात. खोक्यावरच्या चित्रात विमानाची शेपटी कोरी असते, नाहीतर नेमकी धुरात बुडालेली. रेवेलसारखी जर्मन कंपनी हे चिन्ह डिकलवर देतच नाही. काही कंपन्या ते कागदाच्या कोपऱ्यात छापतात, म्हणजे गरज असेल तिथे कोपरा कापून माल पुढे पाठवता येतो. आणि काही ते दोन तुकड्यांत छापतात: एक तुकडा दोन वाकड्या भुजांचा, दुसरा उरलेल्या दोनांचा. सुट्या तुकड्याला कुणी हाकेनक्रॉइत्स म्हणू शकत नाही. ते शेपटीवर जुळवलं तरच घडतं.

या दोन तुकड्यांच्या युक्तीवर मॉडेलवाले नाक मुरडतात, कारण चार मिलिमीटरचे तुकडे ओल्या बोटाने जुळवणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. मला मात्र ती आवडते. कंपनी चिन्ह लादत नाही आणि लपवतही नाही. ते घडवायचं की नाही, हे मॉडेल करणाऱ्याला चिमटा हातात धरून ठरवावं लागतं.

"पण आमचं स्वस्तिक तर शुभ आहे"

आजीच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. आपण उंबऱ्यावर, चोपडीच्या पहिल्या पानावर, नव्या स्कूटरवर कुंकवाने स्वस्तिक काढतो. ते पाटासारखं सरळ बसतं, चार घरांत चार ठिपके असतात, रंग लाल किंवा केशरी. नाव 'सु' आणि 'अस्ति' मधून आलेलं: चांगलं असो. शेपटीवरचं चिन्ह काळं, ठिपक्यांशिवाय, टोकावर उभं केलेलं, पंचेचाळीस अंशांत कललेलं. आजीने एका नजरेत ओळखलं होतं की काहीतरी बिनसलंय.

तरी केवळ कोनावरून निवाडा होत नाही. सरळ बसवलेलं हाकेनक्रॉइत्सही नाझींनी वापरलेलं आहे. फरक कोणी, कशासाठी, कोणावर वापरलं याचा आहे. म्हणून मी मराठीत लिहिताना दोघांना दोन नावं देतो: दारावरचं ते स्वस्तिक, शेपटीवरचं ते हाकेनक्रॉइत्स. शब्द जिभेला जड आहे, पण या एका शब्दाने अर्धा घोळ मिटतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हाच्या प्रदर्शनावर बंदी घातली, तेव्हा कायद्यात हाच शब्द वापरला आणि हिंदू, बौद्ध, जैन यांचं धार्मिक स्वस्तिक स्पष्टपणे बाजूला ठेवलं. मेलबर्नमधल्या मराठी घराच्या दारावरची रांगोळी त्यामुळे सुरक्षित आहे.

पण याच्या उलट बाजूने मी आपल्या माणसांशी भांडतो. "आपल्याकडे ते शुभच असतं, म्हणून जर्मन विमानावर लावलं तर बिघडलं काय" असं म्हणणारे भेटतात. बिघडतं. मेसरश्मिटवरचं चिन्ह कुणी कुंकवाने काढलेलं नव्हतं. आपल्या स्वस्तिकाचं पावित्र्य त्याला उसनं देणं हा आपल्याच चिन्हाचा अपमान आहे. २००६ साली नवी मुंबईत खारघरला हिटलरच्या नावाचं रेस्टॉरंट निघालं होतं, त्यावर हे चिन्हही होतं. ज्यू समाजाने आक्षेप घेतल्यावर नाव बदललं. तो आक्षेप घेणारे लोक परके नव्हते. अलिबाग-रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्रायली ज्यू शतकानुशतकं राहिले, घाणे चालवले, शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून 'शनिवार तेली' म्हणवले गेले, मराठी बोलले. त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले आणि तिथूनही 'मायबोली' नावाचं मराठी मासिक काढत राहिले. माझ्या मॉडेलचा फोटो मराठीत लिहून टाकला, तर तो वाचणारा असा कुणी असू शकतो. साठ लाख ज्यूंच्या हत्येचा आकडा त्याच्यासाठी आपल्या माणसांचा आकडा आहे.

फिनलंडचं निळं चिन्ह

आता त्या बातमीकडे. ६ मार्च १९१८ ला एरिक फॉन रोझेन या स्वीडिश सरदाराने दिलेलं एक विमान फिनलंडमधल्या वासा शहरी उतरलं. त्याच्या पंखांवर निळं स्वस्तिक होतं. फॉन रोझेन ते स्वतःचं शुभचिन्ह म्हणून वापरत असे. फिनलंडच्या हवाई दलाची सुरुवात त्या विमानाने झाली आणि निळं स्वस्तिक त्याची खूण बनलं. नाझी पक्षाने आपलं चिन्ह ठरवलं ते १९२० मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी. फिनिश चिन्ह सरळ उभं, निळं, पांढऱ्या चकतीत.

इथपर्यंत गोष्ट निर्मळ आहे, आणि फिनिश मॉडेल करणारे पुष्कळदा इथेच थांबतात. पुढे ती गढूळ होते. फॉन रोझेनच्या बायकोची बहीण कारिन हिने १९२३ मध्ये हेरमान ग्योरिंगशी लग्न केलं. म्हणजे फिनिश हवाई दलाला हे चिन्ह देणारा आणि पुढे नाझी हवाई दलाचा प्रमुख झालेला, हे दोघे साडू. १९४१ ते १९४४ फिनलंड सोव्हिएत संघाविरुद्ध जर्मनीच्या बरोबरीने लढला, आणि जर्मनीकडून घेतलेल्या मेसरश्मिटांवर हाकेनक्रॉइत्स पुसून निळं स्वस्तिक रंगवलं गेलं. १९४५ मध्ये ते विमानांवरून उतरलं आणि निळी-पांढरी चकती आली. हवाई दलाच्या मुख्यालयाच्या बोधचिन्हातून ते गेल्याचं २०२० मध्ये जगाला कळलं. पथकांच्या ध्वजांवर तरीही उरलं होतं. २०२३ मध्ये फिनलंड नाटोत गेला, मित्रदेशांचे सैनिक येऊ लागले, त्या ध्वजांसमोर अवघडले. मग तेही काढायचं ठरलं.

अशी आणखी उदाहरणं आहेत. लाटव्हियाच्या विमानांवर १९४० पर्यंत लाल स्वस्तिक होतं, त्यांच्या लोकपरंपरेतलं. आणि एक उदाहरण असं आहे की ते वाचल्यावर मी बराच वेळ हातातलं काम ठेवून बसलो होतो. पहिल्या महायुद्धात फ्रिट्झ बेकहार्ट नावाच्या जर्मन वैमानिकाच्या विमानावर मोठं स्वस्तिक रंगवलेलं होतं, नशीब साथ देवो म्हणून. बेकहार्टच्या नावावर सतरा विजय होते. तो ज्यू होता. नाझींनी वीर वैमानिकांच्या यादीतून त्याचं नाव काढलं आणि त्याला बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं.

बेकहार्टच्या विमानाचं मॉडेल करताना ते स्वस्तिक लावायचं की नाही? मी म्हणेन, लावलंच पाहिजे. ते झाकलं तर त्या माणसाला दुसऱ्यांदा यादीतून काढल्यासारखं होईल. पण शेजारी काही न लिहिता ठेवलं, तर बघणारा त्यालाच नाझी समजेल, आणि तो अन्याय आणखी मोठा.

"मग सरळ काढूनच टाका ना"

हा सल्ला भल्या मनाने दिला जातो. शेपटी कोरी ठेवा, वाद मिटेल. विक्रीच्या खोक्यावर, दुकानाच्या काचेत, लहान मुलांच्या खेळण्यावर ते नसावं, हे मला पूर्ण मान्य आहे. तिथे शेजारी सांगणारं कुणी नसतं. पण चिन्ह काढलं म्हणजे विमान निरुपद्रवी झालं, हा समज धोक्याचा आहे.

२६ एप्रिल १९३७ ला, स्पेनमधल्या यादवी युद्धात, तिथलं गेर्निका गाव बाजाराच्या दिवशी बाँबफेकीत उद्ध्वस्त झालं. बाँब टाकणाऱ्यांत मुख्यतः जर्मनीचं कोंडोर पथक होतं. त्यांच्या विमानांच्या शेपटीवर हाकेनक्रॉइत्स नव्हतं. पांढऱ्या सुकाणूवर काळी फुली होती, कारण जर्मनीला आपला सहभाग उघड करायचा नव्हता. त्या विमानाचं मॉडेल कुठल्याही देशात कायदा न मोडता ठेवता येतं. गेर्निकाच्या माणसांना त्या काळ्या फुलीत काही कमी दिसलं नसेल.

आणि अचूकतेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या जमातीलाही एक सांगायचं आहे. पोटाखालचा फिकट निळा रंग जर्मन हवाई मंत्रालयाच्या तक्त्यातला ६५ नंबरचा की ७६ नंबरचा, यावर आम्ही रात्ररात्र वाद घालतो. मेसरश्मिट २६२ या युद्धात उतरलेल्या पहिल्या जेट लढाऊ विमानाची धडं ऑस्ट्रियात गुसेन इथे, डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांमध्ये छळछावणीतले कैदी जोडत होते, हे किती जणांच्या मॉडेलशेजारी लिहिलेलं असतं? ऐतिहासिक सत्यासाठी शेपटीवर चिन्ह हवं म्हणणाऱ्याने ते सत्य बोगद्यापर्यंत न्यावं. नाहीतर त्याला चिन्हच हवं आहे, असं समजायला जागा उरते.

लाल ताऱ्याचं काय, उगवत्या सूर्याचं काय

बोट फक्त हाकेनक्रॉइत्सकडेच का, हा आक्षेप रास्त आहे. १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यातले बहुतेक हिटलरच्या नव्हे, स्टालिनच्या राजवटीने घराबाहेर काढलेले, सायबेरिया-कझाकस्तानात हाकललेले होते. त्यांच्यासाठी भयाची खूण लाल तारा होती. लिथुआनियाने २००८ मध्ये नाझी आणि सोव्हिएत, दोन्ही चिन्हांवर बंदी घातली. हंगेरीत लाल ताऱ्यावर बंदी होती. त्याच वर्षी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ती जशी लावली गेली ते चुकीचं ठरवलं, कारण लाल तारा कामगार चळवळीचंही चिन्ह आहे, त्याचा अर्थ एकच नाही. जपानचा किरणांचा सूर्य कोरियात आजही जखम उघडी करतो. २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरच्या नौदल संचलनात तो ध्वज लावू नका म्हटल्यावर जपानने जहाजच पाठवलं नाही.

प्रत्येक दुखावणारं चिन्ह सारखंच, असं मी मानत नाही. हाकेनक्रॉइत्स ज्या पक्षाचं होतं त्या पक्षाचा मूळ कार्यक्रमच काही माणसांना माणूस न मानण्याचा होता. लाल ताऱ्याखाली स्टालिनचे अत्याचार झाले आणि लाल ताऱ्याच्याच सैन्याने आउशवित्झ या नाझी छळछावणीची दारं उघडली. दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि मॉडेलशेजारच्या कार्डावर दोन्हींना जागा होते.

टेबलावर मी काय करतो

एखाद्या विशिष्ट विमानाचा, विशिष्ट तारखेचा फोटो उपलब्ध असेल आणि त्यात चिन्ह दिसत असेल, तर मी ते लावतो. फोटोत असेल तेवढंच, तेवढ्याच मापाचं. उठून दिसावं म्हणून मोठं करत नाही. "जर्मन विमान आहे म्हणजे असणारच" अशा अंदाजाने कधीच लावत नाही.

प्रदर्शनात शेपटी भिंतीकडे आणि कार्ड माणसांकडे. नुसती जर्मन विमानं एका रांगेत, काळ्या कापडावर, वरून दिवे सोडून मांडलेली पाहिली की मला अस्वस्थ वाटतं, चिन्ह असो वा नसो. शेजारी त्या विमानाने ज्यांच्यावर हल्ला केला त्यांचंही एखादं विमान ठेवावं. पोलंडचं असेल तर उत्तमच, लाल-पांढऱ्या चौकटींचं.

फोटो टाकताना पहिला फोटो समोरून. आत जाऊन बघणाऱ्याला शेपटी दिसते, पण पहिली ओळ वाचल्यावर. जर्मनीतल्या कुणाला मॉडेल किंवा उरलेलं डिकल पाठवायचं असेल तर आधी विचारतो. तिथले संग्राहक विक्रीच्या फोटोत ते चिन्ह झाकतात, आणि झाकणं हीच तिथली रीत आहे. शाळेत मॉडेल दाखवायला बोलावलं तर जर्मन विमान नेतो, पण मुलांच्या हाती देण्याआधी वीस मिनिटं बोलतो. लहान भाच्यासाठी केलेल्या विमानावर ते नाही. तो सहा वर्षांचा आहे, त्याला फक्त पंखा फिरायला हवा.

आणि कार्ड. दोन बोटं रुंद, चार ओळी. पावणेचौदा सेंटिमीटरच्या त्या मेसरश्मिटशेजारी हे ठेवलेलं असतं: "मेसरश्मिट १०९, साल १९४०. शेपटीवर हाकेनक्रॉइत्स, नाझी पक्षाचं चिन्ह, १९३५ पासून जर्मनीचा ध्वज. या राजवटीने साठ लाख ज्यूंची हत्या केली. आपण दारावर काढतो ते स्वस्तिक हे नव्हे." अक्षर मोठं काढतो, आजीला चष्म्याशिवाय वाचता यावं असं.